पडवीच्या सागवानी खांबांना काय लावावे?

प्रश्न : कोकणातील आमच्या पडवीचे सागवानी खांब उन्हापावसात उघडे असतात. चकचकीत व्हार्निशचे दरवर्षी पोपडे निघतात. टिकाऊ, कमी देखभालीचा उपाय कोणता?

उत्तर : लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, पण व्हार्निशचा कडक थर त्याबरोबर हलत नसल्याने त्याला बारीक भेगा पडून पाणी आत शिरते. म्हणून जुना थर पूर्ण खरवडावा आणि दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर, आत मुरणारे, रंगद्रव्य व बुरशीनाशक असलेले वुड स्टेन लावावे. ते फिके पडले तरी खरवडावे लागत नाही, धुऊन नवा हात देता येतो. नुसते जवसाचे तेल दमट हवेत बुरशीने काळे पडते. खांबाच्या कापलेल्या टोकांची विशेष काळजी घ्यावी, कारण पाणी सर्वाधिक तिथूनच शोषले जाते. लाकूड पिणे थांबेपर्यंत तिथे हात देत राहावे.