काळा हा रंग आहे, पण रंगीत नाही

प्रश्न असा आला आहे: "काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव आणि पांढरा म्हणजे सगळ्या रंगांचे मिश्रण, म्हणून हे दोन रंगच नव्हेत, असे वाचले. मग 'काळा रंग', 'पांढरा रंग' हे शब्दप्रयोग चुकीचे मानायचे का? आणि ज्या वस्तूला रंग नाही तिला 'पांढरी' म्हणावे की 'रंगहीन'?"

दोन्ही शब्दप्रयोग निःशंकपणे करावेत. ज्या विधानामुळे ही शंका आली, त्यात 'रंग' हा शब्द एका अर्थाने घेतला आहे आणि निकाल मात्र दुसऱ्या अर्थाबद्दल दिला आहे.

शाळेत पाठ केलेले 'तानापिहिनिपाजा' आठवा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हे वर्णपटातले रंग. सूर्यप्रकाश लोलकातून गेला की वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण कमीअधिक वळतात आणि हा पट्टा उमटतो. त्यातला डोळ्याला दिसणारा भाग साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरचा. या पट्ट्यात काळा नाही, पांढरा नाही, हे खरेच. पण मग गुलाबी, तपकिरी आणि करडाही तिथे नाहीत. ज्याला आपण राणी रंग म्हणतो त्याला तर स्वतःची अशी एकही तरंगलांबी नाही. पट्ट्याच्या दोन टोकांचे किरण एकाच वेळी डोळ्यात शिरले तरच तो दिसतो. वर्णपटात नाव असणे हीच रंगपणाची कसोटी मानली, तर काळ्या-पांढऱ्याबरोबर हे सगळेच बाद करावे लागतील. तशी तयारी मला कुणाचीही दिसलेली नाही.

शिवाय 'सात' हा आकडाही निसर्गाने दिलेला नाही. पट्टा सलग आहे. न्यूटनने त्यात आधी पाच रंग मानले होते, पुढे स्वरसप्तकाशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि पारवा घालून सात केले. (मराठीत 'पारवा' म्हटले की खरे तर पारव्याच्या पिसांचा निळसर करडा डोळ्यांपुढे येतो. वर्णपटातल्या त्या गडद निळ्याला हे नाव बहुधा पाठांतरापुरतेच उरले आहे.) याच न्यूटनने १७०४ साली छापलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये स्पष्ट सांगितले आहे की किरण स्वतः रंगीत नसतात, अमुक रंगाची संवेदना जागी करण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. म्हणजे रंग ठरतो तो पाहणाऱ्यात.

तो कसा ठरतो? माणसाच्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. एक प्रकार ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५३०च्या आणि तिसरा ५६०च्या. एकट्या पेशीला तरंगलांबी कळत नाही, आपल्यात किती खळबळ झाली एवढेच ती पुढे कळवते. तिन्हींच्या प्रतिसादांची तुलना झाली की रंग ठरतो. म्हणूनच मोबाइलच्या पडद्यावर पिवळा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तिथे पिवळ्या तरंगलांबीचा वेगळा दिवा नसतो. तांबडे आणि हिरवे ठिपके एकत्र उजळलेले असतात. सोडियमच्या दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश आणि हे मिश्रण भौतिकदृष्ट्या अगदी वेगळे आहेत, तरी डोळ्याला दोन्ही सारखेच पिवळे वाटू शकतात. 'पिवळा' हे तरंगलांबीचे नाव असते, तर या दोहोंना एकच विशेषण लावणे चूक ठरले असते.

आता काळ्याकडे येऊ, कारण खरा वाद त्याचाच आहे. 'प्रकाशाचा अभाव म्हणजे काळा' हे वाक्य तपासून पाहा. दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचे एकक) प्रकाश असतो, खोलीत दिव्याखाली दोन-तीनशे. उन्हात ठेवलेला काळा कागद अंगावर पडलेल्या प्रकाशाचा शेकडा चार-पाच भाग जरी परतवत असला, तरी खोलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश आपल्या डोळ्यात पाठवतो. तरीही तो काळाच दिसतो आणि खोलीतला पांढराच. प्रोजेक्टरचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. पांढऱ्या पडद्यावर काळा प्रकाश फेकता येत नाही. चित्रातला काळा कोट जिथे दिसतो, तिथे पडदा जवळजवळ तसाच असतो जसा चित्र सुरू होण्यापूर्वी होता, आणि तेव्हा तो काळा वाटत नव्हता. भोवती उजेड आला म्हणून तो काळा झाला. उलट, पूर्ण अंधारात डोळे उघडे ठेवले की बऱ्याच वेळाने जाणवते ते गर्द काळे नसते, एक अस्पष्ट करडेपण असते. तेव्हा काळा दिसायला प्रकाश लागतो, फक्त तो शेजारी असावा लागतो. तपकिरीचेही असेच. तपकिरी म्हणजे उजळ परिसरात पाहिलेला मंद नारिंगी, आणि म्हणूनच अंधारात एकटाच पेटलेला तपकिरी दिवा कुणी पाहिलेला नाही.

एवाल्ट हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात मांडले की मेंदूकडे जाणारी माहिती परस्परविरोधी जोड्यांनी जाते: तांबडा-हिरवा, पिवळा-निळा आणि काळा-पांढरा. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण काळा-पांढरा ही इतर जोड्यांच्या पंक्तीतली जोडी आहे, हा मुद्दा आपल्या प्रश्नासाठी मोलाचा. मला विशेष आनंद वाटतो तो हा की आपले प्रत्यय याच्याशी छान जुळतात. आपण 'हिरवट पिवळा' म्हणतो, 'निळसर हिरवा' म्हणतो, पण 'हिरवट तांबडा' किंवा 'निळसर पिवळा' म्हणायची वेळ येत नाही, कारण तसे काही दिसतच नाही. आणि काळा-पांढरा याच व्यवस्थेत निमूट बसतात. पिवळट, हिरवट तसाच काळपट, निळसर तसाच काळसर, पांढऱ्याचा पांढुरका. भाषेने त्यांना वेगळे काढलेले नाही.

जुन्या शास्त्रानेही काढले नव्हते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात रूपाची, म्हणजे रंगाची, व्याख्या 'चक्षुर्मात्रग्राह्यो गुणो रूपम्' अशी आहे, म्हणजे केवळ डोळ्यांनीच कळणारा गुण. त्याचे सात प्रकार सांगितले आहेत: शुक्ल, नील (यातच काळाही येतो), पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र, म्हणजे अनेक रंगांचा मिळून. यादीची सुरुवातच पांढऱ्याने होते, वर्णपटात नसलेला कपिश म्हणजे तपकिरीसारखा रंग तिच्यात आहे, आणि प्रकाशाचा चमकणारा पांढरा व पाण्याचा न चमकणारा पांढरा असा भेदही पुढे केला आहे.

मराठीत भेद आहे तो 'रंग' आणि 'रंगीत' या दोन शब्दांत. 'कोणत्या रंगाचा कागद हवा?' याला 'पांढरा' हे बिनचूक उत्तर आहे. पण 'रंगीत कागद आण' म्हटल्यावर कुणी पांढरा आणणार नाही. 'रंगीत छायाचित्र' आणि 'कृष्णधवल छायाचित्र' हे विरुद्धार्थी शब्द आहेत. म्हणून ते मूळ विधान मराठीत नीट करायचे तर 'काळा आणि पांढरा हे रंगीत नाहीत' किंवा 'ते वर्णपटातले रंग नाहीत' असे लिहावे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. 'ते रंग नाहीत' हे मात्र खरे नाही.

राहिला 'रंगहीन'. हा शब्द 'पांढरा'च्या जागी वापरू नये. ज्यातून प्रकाश आरपार जातो आणि जाताना कोणतीही छटा घेत नाही, ते रंगहीन: स्वच्छ काच, पेलाभर पाणी. (खोल पाणी थोडे निळसर होते, ते वेगळे.) ज्यावर पडलेला प्रकाश छटा न बदलता सर्व दिशांना विखरून परत येतो, ते पांढरे: खडू, चुना. रंगहीन काच कुटली की तिचा चुरा पांढरा दिसतो, कारण असंख्य कडांवरून प्रकाश विखुरतो. काच तीच असते. त्यामुळे प्रयोगवहीत 'रंगहीन चूर्ण' असे लिहिलेले असेल तर तिथे बहुतेक वेळा 'पांढरे चूर्ण' हवे, आणि 'पांढरा द्राव' लिहिण्याआधी तो आरपार दिसतो का हे पाहावे. दिसत असेल तर 'रंगहीन द्राव' म्हणावे.