लेक्चर समजतं, पण पेपरमध्ये गणित सुटत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की वर्गात सगळं कळतं, वही पूर्ण आहे, पण परीक्षेत पहिली ओळच सुचत नाही. हा बुद्धीचा प्रश्न आहे, हे आधी मनातून काढून टाका. फळ्यावरचं उदाहरण बघताना सगळ्यात अवघड काम, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते ठरवणं, सरांनी आधीच केलेलं असतं. तुमचा नेमका तोच सराव राहून जातो.

मेकॅनिक्सचं एक उदाहरण घ्या. १० किलोचं खोकं सपाट जमिनीवर दोरीने ओढलंय: बल ४० न्यूटन, दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश वर. खोकं सरकतंय, घर्षणगुणांक ०.३. त्वरण किती? इथे हमखास होणारी चूक म्हणजे नॉर्मल रिअ‍ॅक्शन (जमीन खोक्याला वर ढकलते ते बल) वजनाइतकी, ९८.१ न्यूटन धरणं. मग घर्षण २९.४, बलाचा आडवा घटक ३४.६ आणि त्वरण ०.५२ येतं. पण दोरी खोक्याला २० न्यूटनने वरही ओढतेय. म्हणून नॉर्मल ७८.१, घर्षण २३.४ आणि त्वरण १.१२ मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्रं सगळी पाठ होती, तरी उत्तर निम्म्याहून कमी आलं, कारण फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे खोक्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढलाच नव्हता. चार बाण काढायला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवू नका.

ट्युटोरियल शीट मिळाली की त्याच दिवशी, सोल्युशन बंद ठेवून बसा. एका गणिताला २० मिनिटं द्या. अडलात तर सोल्युशनची फक्त पुढची एक ओळ बघा आणि परत झाका. पूर्ण वाचलंत तर ते गणित तुमच्यासाठी संपलं. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवलं तरच ते तुमचं. ग्रुपमध्ये बसायचं ते हे झाल्यावर. आधी बसलात तर जो पटकन सोडवतो त्याचाच सराव होतो.

चुकांसाठी वेगळी वही ठेवा. 'सिली मिस्टेक' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. 'मिलिमीटरचे मीटर केले नाहीत', 'मोमेंटचं चिन्ह उलटं धरलं', 'कॅल्क्युलेटर रेडियनवर होता' असं लिहा. रेडियन मोडमध्ये साइन ३० हे ०.५ नाही, उणे ०.९८८ येतं, आणि पुढचं सगळं पान वाया जातं. महिनाभरात त्याच तीन-चार चुका फिरून येताना दिसतील.

जुने पेपर घड्याळ लावूनच सोडवा. ३ तासांत १०० गुण म्हणजे १० गुणांच्या प्रश्नाला १८ मिनिटं. २५ मिनिटं गेली की तो सोडून पुढे जायचं.

शंका विचारायला जाताना 'सर, हा चॅप्टर समजला नाही' एवढंच सांगून उपयोग होत नाही. अर्धवट सोडवलेला कागद घेऊन जा आणि जिथे अडलात त्या ओळीवर बोट ठेवा.