नवोदयची तयारी: सुरुवातीला एवढंच बघा

ताई, लेक चौथीत आहे म्हणजे घाई नाही. कागलच्या नवोदयची (केंद्र सरकारची निवासी शाळा, प्रवेश सहावीत) परीक्षा पाचवीत असतानाच देता येते, तीही एकदाच.

एक मात्र आजच ठरवा. चांगल्या क्लासच्या नादानं गावची शाळा सोडून कोल्हापुरात नाव घालू नका. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. बरीच मंडळी इथंच फसतात, कळतं ते फॉर्म भरताना.

अभ्यासाचं म्हणाल तर:

- ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, सगळे आकृत्यांचे. रोज पाच-सहाच सोडवा. आरशातली प्रतिमा अडली की खरा आरसा आकृतीशेजारी उभा धरा, पोरीला लगेच उमगतं.
- चुकीला गुण कापत नाहीत. रिकामं काही सोडायचं नाही.
- उत्तरपत्रिकेवर बरोबर उत्तराचा गोल पेननं रंगवायचा. रंगवला की बदल नाही. ही सवय घरीच लावा.

गाइडांचा ढीग आत्ता नको, पोरगी कंटाळंल. मराठी उतारे तेवढे वाचून घ्या. फॉर्मसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं पाचवीत गेल्यावर बघू.