पहिल्या भेटीत बोलायचं तरी काय?

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी ४८ वर्षांचा, कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून रोज पहाटे ३ ला जाग येते ती येतेच. वर्गात मुलांवर फार ओरडतो. परवा एका मुलावर हात उगारला आणि माझा मीच घाबरलो. मुलगी पुण्यात शिकते. तिने साताऱ्यातल्या एका समुपदेशकांची शनिवारी ११ ची वेळ घेतली आहे. मला चारचौघांत बोलता येतं, पण स्वतःबद्दल बोलायची सवय नाही. तिथे नक्की काय करतात? रडायला लावतात का? गोळ्या सुरू झाल्या की कायमच्या, असं ऐकतो. खात्यात कळलं तर? मंडळी म्हणतात, मन खंबीर करा, देवाचं करा. तेही करून पाहिलं.
ता. क. त्या दिवशी भावाला खत आणायला मीच पाठवलं होतं.
– एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ वाचलं, आणि ता. क. पाशी आल्यावर पुन्हा वरपासून.

आपल्याकडे पाहुणा तासभर पाऊसपाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं बोलतो आणि निघताना, दाराशी चपला घालता घालता, ज्यासाठी आला होता ते सांगतो. समुपदेशनाच्या खोलीतही हेच होतं. बावीस वर्षं हे काम करतेय, पण वेळ संपायला पाच मिनिटं उरली की मी आजही जास्त कान देऊन ऐकते. तुम्ही स्वतःबद्दल बोलता येत नाही म्हणता, आणि सगळ्यात जड गोष्ट ता. क. मध्ये का होईना, लिहून मोकळे झालात. शनिवारी एवढंच जमलं तरी पुष्कळ आहे. तेही नाही जमलं तर ‘मला बोलायला सुचत नाही’ इथूनच सुरुवात करा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांचं पहिलं वाक्य हेच असतं.

पहिली भेट बरीचशी विचारपूस असते. घरी कोण कोण, झोप, भूक, दारू-तंबाखू, आधीचे आजार, बीपी-शुगर, घरात कुणाला असा त्रास होता का. एका संमतिपत्रावर सही घेतात. ते वाचून सही करा, घाई करू देऊ नका. एक प्रश्न ऐकून तुम्हाला धक्का बसेल : ‘जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ तुमच्यात काही दिसलं म्हणून तो विचारतात असं समजू नका. आम्ही तो सगळ्यांना विचारतो, आणि विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर मात्र खरं द्या. पहाटे ३ ला असं काही मनात येत असेल तर शनिवारपर्यंत थांबूसुद्धा नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं.

भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची, बहुधा आठवड्यातून एकदा. रडायला कुणी लावत नाही, आणि रडू आलं तर कुणी थांबवतही नाही. घरी आपण डोळ्यांत पाणी दिसलं की लगेच ‘अहो, असं काय करता’ म्हणतो. तिथे तसं म्हणत नाहीत, म्हणून सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. दुसरी अडचण तुमच्यासारख्या शिक्षकांना हमखास येते : प्रश्न सांगितला, आता उत्तर फळ्यावर लिहून द्या. पहिल्या दोन-तीन भेटींत उपाय हातात पडत नाही आणि माणूस म्हणतो, नुसतंच ऐकतात की! पण तो ऐकण्याचा काळ वाया जात नसतो. तुमचं दुःख कुठे अडलंय ते सापडायला तेवढा वेळ लागतोच.

कुठे अडलं असेल, याचा थोडा अंदाज तुमच्या पत्रावरून मी करते, चुकले तर शनिवारी दुरुस्त होईल. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास एक पद्धत मांडली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. माणूस स्वतःवर, दुसऱ्यांवर ज्या सक्ती लादतो, त्यांच्यावर तिचा भर आहे. मराठीत ही सक्ती एका अक्षरात मावते : ‘च’. मुलांनी गप्प बसलंच पाहिजे. मला कळायलाच हवं होतं. आणि तुमचा ‘मीच’. भावाला खतासाठी पाठवणं ही शेतकरी घरातली रोजची गोष्ट. त्या सकाळी ती तशीच होती. अपघातानंतर तिला ‘च’ चिकटला. तो कुणी ओढून काढायचा नसतो. ‘तुमची काय चूक’ असं घरचे दहादा म्हणाले असतील आणि तुम्हाला ते एकदाही पटलं नसेल. समुपदेशक तुम्हाला ती सकाळ सावकाश सांगायला लावतील : काय वाजले होते, तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला, पाऊस होता का. कधी दोन भेटींच्या मधल्या दिवसांत वहीत लिहून आणायला सांगतील. हे काम दमवतं. अशा भेटीनंतर संध्याकाळी डोकं जड होतं, जेवण जात नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीच्या सुमारास ‘होतो तोच बरा होतो’ वाटून बरेच जण येणं सोडतात. तुम्हालाही तसं वाटलं तर त्या दिवशी मुद्दाम जा आणि तेच सांगा.

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण मी स्वतः ते केलं नाही. वडील गेल्यावर मी एका समुपदेशकांकडे गेले होते. पंधराव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, ‘वेळ जाईल तसं विसराल.’ मी मान डोलावली, फी दिली, पुन्हा गेले नाही, आणि पुढची दोन वर्षं दुसऱ्या कुणाकडेही गेले नाही. ‘तुम्ही असं म्हणालात ते मला लागलं’ एवढं वाक्य बोलले असते तर एक तर ते सुधारले असते, नाहीतर मी दुसरा माणूस शोधला असता. तुम्हाला तीन भेटींनंतरही मोकळं वाटलं नाही तर तोंडावर सांगा. माणूस बदललात तर त्यात कुणाचा अपमान नाही.

शिक्षण विचारायलाही लाजू नका. समुपदेशक ही पाटी कुणीही लावतो. मानसशास्त्रातली एम. ए. आहे का, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (म्हणजे मनाच्या आजारांवरच्या उपचारांचं खास शिक्षण घेतलेले मानसशास्त्रज्ञ) असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. फी आणि ऐनवेळी जमलं नाही तर काय, हेही आधीच. पुढे फी झेपेनाशी झाली तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी असते.

गोळ्या समुपदेशक देत नाहीत. गरज वाटली तर ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांकडे. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, व्यसन लागत नाही, फक्त मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. मेडिकलमधून ओळखीवर आणून त्या घेत असाल तर आजच सांगून टाका.

खात्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या २३व्या कलमाने उपचार करणाऱ्यांवर गुप्तता पाळण्याचं बंधन आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, असे मोजके अपवाद. तुमचे हेडमास्तर फोन करून विचारू शकत नाहीत. मात्र बिल मंजुरीसाठी तुम्हीच खात्यात टाकलंत तर त्यावरचं निदान चार टेबलांवरून जाईल, तेवढा विचार करून ठेवा.

हात उगारल्याचंही तिथे सांगा, झाकू नका. तोवर वर्गात कानशिलं तापली की खडू खाली ठेवून बाहेर या, पाणी प्या, शेजारच्या बाईंना दोन मिनिटं वर्गावर लक्ष ठेवायला सांगा. त्या मुलाला जवळ बोलावून ‘माझं चुकलं’ म्हणालात तर तो ते आयुष्यभर लक्षात ठेवेल.

शनिवारी एसटीने जा, गाडी नको. मुलगी येत असेल तर येऊ दे, ती बाहेर बसेल. आणि हे पत्र खिशात असू द्या. बोलता आलं नाही तर कागद नुसता पुढे करा, ता. क. सकट.