बहिणीसोबत धावू का?

प्रश्न : माझी धाकटी बहीण वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळायला लावणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियातून बरी झाली आहे. अशा रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळवून द्यायला आम्ही दोघांनी अर्धमॅरेथॉन धावावी, असा तिचा हट्ट आहे. आई मात्र धास्तावली आहे. काय करू?

उत्तर : तिच्या मनात हे आलं, याचा मला फार आनंद झाला. पण आईची धास्तीही अनाठायी नाही. या आजारात अति व्यायाम हे अनेकदा वजन घटवायचं साधनच असतं, त्यामुळे सरावाच्या आडून आजार परत शिरू शकतो. आधी तिच्या डॉक्टरांची परवानगी घ्या. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, पाळीची नियमितता आणि हाडांची घनता यांबद्दल स्पष्ट विचारा. वजन भरून आलं तरी हाडं मागे राहतात आणि धावताना त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

२१.१ किलोमीटर धावायचेच, असं कुठे आहे? निधी तर ५ किलोमीटर चालूनही जमतो.

सराव दोघांनी एकत्रच करा. घड्याळावरचा कॅलरींचा आकडा बंद ठेवा. निघण्याआधी आणि परतल्यावर तिच्यासोबत बसून खा. तिच्या ताटावर नजर ठेवू नका, गप्पा मारा. सुट्टीच्या दिवशी ती चोरून धावायला लागली, किंवा ‘आज धावले नाही, मग जेवण कमी’ असं म्हणाली, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा. हे तिच्याशी आजच बोलून ठरवा, आईला शेजारी बसवून.