जुना ८ इंची टॅब वाचनासाठी ठेवावा का? आधी पट्टी घेऊन बसा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी ८ इंची टॅब घेतला होता. पडदा १२८० × ८००, रॅम २ जीबी, अँड्रॉइड ९. आता तो कपाटात पडून आहे. एक्स्चेंजमध्ये जेमतेम काहीतरी हातावर टेकवताहेत. तुम्हाला जुनी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक आणि मधूनच एखादी इंग्रजी कादंबरी वाचायची आहे. तेव्हा हाच ठेवावा, की देऊन टाकून किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावं?

माझं मत सरळ आहे: ठेवा. त्यात टॅबची थोरवी फारशी नाही. तुम्ही वाचणार आहात त्यातलं निम्म्याहून जास्त साहित्य पीडीएफमध्ये असणार, आणि त्या पीडीएफपुढे ६ इंची किंडल हतबल होतं, म्हणून ठेवा.

‘वाचायला ई-इंकच घ्या, टॅबने डोळे जातात’ हा सल्ला या प्रश्नावर हमखास मिळतो (ई-इंक म्हणजे किंडलसारख्या यंत्रांचा कागदासारखा दिसणारा पडदा). तो मुख्यतः इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा आहे. त्यांची पुस्तकं ईपब किंवा किंडलच्या स्वरूपात असतात, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात, मग पडदा ६ इंची असो की १० इंची, फरक पडत नाही. मराठीत तसं सुख सगळीकडे नाही. अर्काइव्ह डॉट ऑर्गवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जी हजारो जुनी मराठी पुस्तकं आहेत ती म्हणजे पानांचे फोटो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं फुकट उतरवून घेऊ देतं, तीही पीडीएफ. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही बहुतेक पीडीएफ. फोटोतलं अक्षर मोठं होत नाही, पान मोठं होतं. मग एक ओळ वाचायला पडदा डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. अशाने तिसऱ्या पानावर माणूस पुस्तक सोडतो आणि दोष आपल्या एकाग्रतेला देतो.

त्यात आणखी एक गोम आहे. काही पीडीएफ स्कॅन वाटत नाहीत, अक्षर अगदी स्वच्छ असतं, पण मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या काळातल्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. एखादी ओळ निवडून कॉपी करा आणि स्वतःलाच मेसेजमध्ये पेस्ट करून पाहा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचका उमटला, तर ती पीडीएफ व्यवहारात फोटोच समजा. तिच्यातला मजकूर नव्याने मांडता येत नाही, शोधता येत नाही, यंत्राकडून मोठ्याने वाचून घेता येत नाही.

आता पट्टी घ्या. घरातलं एखादं साधं मराठी पुस्तक उघडा, डेमी आकाराचं. पान साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच भरेल. पण समास सोडून फक्त छापील मजकूर मोजला तर तो सुमारे ४ इंच रुंद आणि पावणेसात इंच उंच असतो. तुमच्या टॅबचा पडदा, ८ इंची आणि १६:१० प्रमाणाचा, भरतो ४.२४ × ६.७८ इंच. म्हणजे समास कापून टाकले की डेमी पुस्तकाचं पान तुमच्या टॅबवर छापील आकारातच बसतं. ६ इंची किंडलचा पडदा आहे सुमारे ३.६ × ४.८ इंच. त्यावर अख्खं पान बसवायचं तर अक्षर मूळच्या ७० टक्क्यांवर येतं. ६.८ इंचाच्या किंडल पेपरव्हाइटची रुंदी पुरते, पण उंची साडेपाच इंचांच्या आतच, त्यामुळे प्रत्येक पानाचे दोन तुकडे करावे लागतात आणि ई-इंकवर सरकवणं, झूम करणं मंद असतं. ७ इंची टॅब असेल तर ३.७ × ५.९ इंच, तिथेही ओढाताण होते. फोनचं विचारूच नका: साडेसहा इंची म्हणवणारा फोन रुंदीला पावणेतीन इंचही नसतो.

तेव्हा ‘समास कापणे’ ही सोय ज्या ॲपमध्ये आहे तेच घ्या. लिब्रेरा किंवा केओरीडर पाहा. केओरीडर दिसायला रुक्ष आहे, मेनू समजायला एक संध्याकाळ जाते, पण स्कॅनसाठी त्याच्या तोडीचं फुकट काही मला माहीत नाही. समास आपोआप कापतं, फिकट स्कॅनचा काळेपणा वाढवतं, आणि प्रत्येक पुस्तकाची मांडणी वेगळी लक्षात ठेवतं. ग्रंथालयाच्या शिक्क्यांमुळे किंवा कडेच्या काळ्या पट्ट्यांमुळे आपोआप कापणं कधी फसतं. तेव्हा हाताने चौकट आखून द्यायची. अक्षर तरीही बारीक वाटलं तर टॅब आडवा धरा. रुंदी पावणेसात इंच मिळते, अक्षर मूळच्या दीडपटीहून मोठं दिसतं, आणि एका वेळी पानाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग वाचता येतो. चाळिशी लागलेल्यांनी हे आधी करून पाहावं, चष्म्याचा नंबर नंतर वाढवावा.

पडद्याच्या बारकाईबद्दल मात्र खोटी आशा नको. तुमच्या टॅबवर इंचाला १८९ ठिपके आहेत, आताच्या किंडलवर ३००. इंग्रजीत हा फरक सोसतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पोटभाग, एवढं सगळं त्याच उंचीत कोंबायचं असतं. म्हणून तपासणी अशी करा: ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’, ‘विद्वत्ता’, ‘ऱ्हास’ असे शब्द असलेलं पान नेहमीच्या अंतरावर धरा. द्ध आणि द्व यांतला फरक अंदाजाने न ओळखता दिसला पाहिजे. खिळ्यांच्या छपाईची जुनी पुस्तकं या परीक्षेत बहुधा उत्तीर्ण होतात, कारण त्यांचा टाइप ठसठशीत असतो. बारीक तळटीपा असलेले संशोधनग्रंथ नापास होतात. हाच ८ इंची पडदा तुमच्याकडे १९२० × १२०० चा असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

दिवाळी अंकांचं काय? इथे टॅब कमी पडतो, हे आधीच सांगून ठेवतो. अंकाचं पान डेमीहून बरंच मोठं, त्यात दोन रकाने, मध्ये चौकटी, कवितांच्या बाजूला चित्रं. ८ इंचात अख्खं पान वाचता येत नाही. एकेक रकाना रुंदीभर करून वर-खाली जाता येतं, एखादी कथा तशी वाचून होईल, पण अंक चाळण्याची जी मजा असते ती येत नाही. त्यासाठी १० इंच किंवा सरळ कागद. परदेशात राहणाऱ्यांना टपालखर्चापायी डिजिटल अंकच घ्यावा लागतो, त्यांनी तर छोट्या टॅबच्या नादी लागूच नये. वर्तमानपत्रांच्या ई-पेपरलाही हेच लागू.

डोळ्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. सलग दोन-तीन तास कादंबरी वाचायची असेल, किंवा दुपारी गॅलरीत बसून, तर ई-इंक निर्विवाद सुखाचं. उन्हात टॅब म्हणजे आरसा. पण रात्री घरात तासभर वाचणाऱ्याला होणारा त्रास बराचसा जास्त ठेवलेल्या उजेडामुळे असतो. आपोआप उजेडाची सोय बंद करा, पडदा खोलीतल्या कागदाइतकाच उजळ ठेवा, पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर करा. रात्री खोलीत दिवा चालू ठेवा आणि तो पाठीमागून डोक्यावर येणार नाही असं बसा, नाहीतर ट्यूबलाइट थेट पानावर उमटते. चकाकी घालवायला मॅट फिल्म लावतात, पण ती अक्षर किंचित पिठूळ करते. १८९ ठिपक्यांच्या पडद्यावर तो सौदा मला परवडणारा वाटत नाही.

वजन हा दुसरा मुद्दा. या वर्गातले टॅब ३०० ते ३५० ग्रॅमचे, वर जाडजूड कव्हर. शाळेसाठी घेतलेलं ते रबरी कव्हर काढून फेका. पेपरव्हाइट २०० ग्रॅमच्या आसपास आहे. पलंगावर आडवं पडून एका हाताने वाचायची सवय असेल तर हा फरक मनगटाला पहिल्याच आठवड्यात समजतो.

निर्णय घेण्याआधी बॅटरी बघाच. बाकी सगळं जमलं आणि बॅटरी फुगलेली निघाली तर विषय संपला. टॅब सपाट टेबलावर उताणा ठेवा. डुगडुगतो का, पाठ फुगीर लागते का, पडद्याची कड एका बाजूने उचलली गेली आहे का? यातलं काहीही दिसलं तर चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. दुरुस्तीवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. महिनोन्‌महिने पूर्ण उतरलेली बॅटरी कधी कधी चार्जच घेत नाही. ती बदलता येते, मात्र बदलण्याचा खर्च टॅबच्या किमतीच्या जवळ गेला तर सोडून द्या. यापुढे टॅब काही दिवस बाजूला ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवत जा.

बॅटरी ठीक असेल तर फॅक्टरी रीसेट करा. शाळेची सगळी ॲप्स, खेळ आणि मुलीचं खातं जाऊ द्या. २ जीबी रॅमवर टॅब रखडतो तो बहुतेक पाठीमागे चालणाऱ्या गोष्टींमुळे. यूट्यूब काढता येत नाही, पण डिसेबल करता येतं, आणि ते करणं मी सक्तीचं समजतो. व्हॉट्सॲप टाकूच नका. बँकेचं ॲपही नको, कारण अशा टॅबना सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झालेले असतात. पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून केबलने भरा आणि टॅब एअरप्लेन मोडवर ठेवा. बॅटरीही टिकते.

कोणाकडे याहून म्हातारा टॅब असेल तर त्यांच्यासाठी जाता जाता: अँड्रॉइड ४.४ ला गुगल प्ले सर्व्हिसेसचा आधार २०२३ मध्येच थांबला आणि ७.१ च्या आधीच्या यंत्रांवर अनेक वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करतात. केबलने पुस्तकं भरून वाचायला तरीही अडचण नाही. ॲप मिळवणं मात्र खटपटीचं होतं.

मग किंडल कोणासाठी? तुमच्या यादीतली इंग्रजी कादंबरी हेच मुख्य वाचन असतं तर मी डोळे मिटून किंडल म्हटलं असतं. त्यावर मराठी पुस्तकंही मिळतात, ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ पासून मराठीसह पाच भारतीय भाषा घेतल्या. पण ती पुस्तकं किंडल ॲपमधून टॅबवरही वाचता येतात. उलट बाजूने तसं होत नाही: बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, ते टॅबवर चालतं, किंडलवर नाही. मराठी विश्वकोश आणि मराठी विकिस्रोत ब्राउझरमध्ये चाळायचे तर तेही टॅबवरच बरं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं. १९१९ मध्ये गेलेले ह. ना. आपटे आणि १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी त्यात केव्हाच आले. तुम्ही ‘जुनी मराठी पुस्तकं’ म्हणता तेव्हा त्यातली कितीतरी अशी कायदेशीर आणि फुकट मिळणारी आहेत, आणि मिळतात ती बहुतेक स्कॅनमध्येच.

एक पथ्य पाळा. टॅब रिकामा झाल्याबरोबर त्यात पाचशे पीडीएफ ओतू नका. आपल्याकडे पीडीएफ जमवणं हाच एक छंद झाला आहे आणि वाचनाशी त्याचा संबंध कमीच. तुम्हाला खरोखर वाचायचं आहे असं एकच पुस्तक भरा, समास नीट कापून घ्या आणि दोन-तीन आठवडे द्या. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेलं तर टॅब राहू द्या आणि किंडलचे पैसे वाचवा. टॅब पुन्हा कपाटात गेला आणि तेच पुस्तक कागदावर मात्र भराभर वाचून झालं, तर ठेवण्यात अर्थ नाही.

आणि द्यायचं ठरलंच, तर रीसेट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन गुगल खातं काढा, मगच सगळं पुसा. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रीसेट केलं तर टॅब पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि घेणारा तुम्हाला फोन करत बसतो. मेमरी कार्डही आठवणीने काढून घ्या.