ग्लो प्लग पहिल्यांदाच काढतोयस ना? मग हे वाच

भावा, ग्लो प्लग म्हणजे डिझेल इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारा छोटा हीटर. तो काढायला हत्यारांचा मोठा किट घ्यायची घाई नको करू. प्लगच्या मापाचा लांब सॉकेट (बहुतेक 8, 10 नाहीतर 12 मिमी), छोटा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने घट्ट करायचा पाना) आणि मल्टीमीटर, बास. आधी प्लगची वायर काढून मल्टीमीटरवर ओम (रेझिस्टन्स) बघ, सर्किट ओपन दाखवलं, म्हणजे आतून करंट जातच नसेल, तर प्लग गेला.

- इंजिन गरम असताना खोल, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेव
- इम्पॅक्ट गन नकोच, घट्ट लागला की जोर न लावता थोडं मागे थोडं पुढे हलवत रहा, कारण आत तुटला तर कधी कधी अख्खं हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं
- नवा बसवताना भोकातला कार्बन ग्रीस लावलेल्या रीमरने (भोक खरवडून साफ करायचं हत्यार) काढ, पहिले आटे हातानेच, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे

तुटलेला प्लग काढायचा ड्रिल सेट एवढ्यात घेऊ नकोस. जमेल तुला, बिनधास्त कर!